बातमी आधी वाटेवरच्या गावाला

पाऊस सरला की आपल्याकडे असा रविवार जात नाही, की जिल्ह्यात कुठे ना कुठे पळण्याची स्पर्धा नाही. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, मुंबईची २००४ साली, साताऱ्याची घाटातली हाफ मॅरेथॉन २०१२ साली. आता तालुक्याच्या गावात डॉक्टर मंडळी, माजी विद्यार्थी, सायकलवाले, ग्रामपंचायत असे सगळेच स्पर्धा भरवतात. पहिल्या बैठकीत कामं वाटली जातात. पाण्याचं एकाकडे, मेडलचं दुसऱ्याकडे, पोलीस परवानगीचं तिसऱ्याकडे. बरं लिहिणारं, चारचौघांत न अडखळता बोलणारं एक माणूस कोपऱ्यात बसलेलं असतं. त्याला सांगतात, 'प्रसिद्धीचं तू बघ.' हे आवाहन त्या माणसासाठी आहे.

मी आधी वर्तमानपत्रात उपसंपादक होते. गेली बारा वर्षं डोंगरातल्या, घाटातल्या, किल्ल्यांच्या वाटांवरच्या स्पर्धांचं जनसंपर्काचं काम करते. त्यातून मला एक गोष्ट पक्की कळली आहे, तीच सांगायची आहे. प्रसिद्धी म्हणजे पेपरात फोटो येणं नव्हे. आपल्या स्पर्धेमुळे ज्या ज्या माणसाचा तो दिवस बदलणार आहे, त्याला खरी गोष्ट वेळेवर कळवणं म्हणजे प्रसिद्धी. पेपरवाले त्या यादीत आहेत, पण ते शेवटून दुसरे. सगळ्यांत शेवटी प्रायोजक. पहिला नंबर त्या रस्त्यावर राहणाऱ्यांचा.

मला हे एका दूधवाल्यामुळे कळलं. सह्याद्रीतल्या एका घाटात हाफ मॅरेथॉन होती. माझं काम चोख झालंय अशी माझी समजूत होती. तीन आवृत्त्यांमध्ये बातमी, रेडिओवर मुलाखत, 'रविवारी रस्ता बंद' अशी ठळक चौकट. सकाळी सातच्या सुमाराला मी नवव्या किलोमीटरच्या पाण्याच्या टेबलापाशी उभी होते. खालच्या वस्तीवरून एक गृहस्थ मोटरसायकलवर आले. दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेले. होमगार्डने हात आडवा केला. डेअरीची गाडी फाट्यावरून साडेसातला सुटते, मला पाच मिनिटांत जाऊ द्या, असं ते सांगत होते. समोरून पळणाऱ्यांचा लोंढा येत होता, अरुंद रस्ता, एका बाजूला दरी. सोडणं शक्यच नव्हतं. त्यांनी कॅन उतरवून करंजाच्या सावलीत ठेवले, आमच्याच टेबलावरचं पाणी मागून घेतलं, पोतं भिजवून कॅनवर टाकलं आणि साडेनऊपर्यंत तिथे उभे राहिले. मी जवळ जाऊन म्हटलं, 'काका, पेपरला दिलं होतं हो आम्ही.' ते रागावले नाहीत. म्हणाले, 'ताई, पेपर आमच्यात दुपारच्या एसटीनं येतो. रविवारी तर ती एसटी पण नसती.' मग झाकण काढून त्यांनी मला वास घ्यायला सांगितलं. दूध आंबूस लागायला लागलं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी मंडळाने माझं कौतुक केलं, कारण कात्रणांची फाइल जाड झाली होती. मला त्या फाइलकडे बघवत नव्हतं.

तेव्हापासून मी स्पर्धेच्या दीड महिना आधी तो रस्ता पायी चालते. गाडीतून नाही, पायी. हातात वही असते. रस्त्याला मिळणारी प्रत्येक पाऊलवाट, प्रत्येक फाटा, प्रत्येक फाटक लिहून काढते आणि तिथल्या माणसाला एकच विचारते: रविवारी पहाटे पाच ते दहा या वेळात इथून कोण बाहेर पडतं? उत्तरं ऐकली की डोळे उघडतात. दूध जातं. आठवडी बाजाराची भाजी जाते. कुणाची तरी मुलगी स्पर्धा परीक्षेच्या पेपरला जाते आणि तिचं केंद्र नेमकं शहरात असतं. एका घरात आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणारे आजोबा असतात. एका घरी त्या रविवारी लग्न असतं आणि वऱ्हाडाची गाडी सातला निघायची असते. लग्नाच्या तिथी बघूनच स्पर्धेची तारीख धरा, असं मी आता पहिल्या बैठकीतच सांगते. पंचांग उघडायला दोन मिनिटं लागतात.

मग सरपंच, पोलीस पाटील, आशाताई, पिठाची गिरणी, किराणा दुकान, शाळेचे गुरुजी. गावात बातमी कशी फिरते ते गावालाच विचारा. कुठे देवळावरच्या भोंग्यावरून सांगतात, कुठे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहितात, कुठे बचत गटाच्या बैठकीत सांगितलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीला कळतं. पत्रक द्यायचं तर एका पानाचं, मोठ्या टायपाचं. त्यात तीनच गोष्टी: कुठून कुठपर्यंत रस्ता बंद, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आणि अडचण आली तर फोन कुणाला. तो फोन त्या सकाळी उचलणारं माणूस हवं. दोन किलोमीटरवर नेटवर्क जात असेल तर फोनचा आकडा छापून उपयोग नाही. तिथे वॉकीटॉकी घेतलेला स्वयंसेवक उभा करा आणि तो कुठे उभा असेल हे पत्रकात लिहा. आजारी माणूस आणि अंत्ययात्रा यांना कधीही वाट मिळेल, हेही लिहा, आणि तसं पोलिसांशी आधी ठरवून ठेवा.

हे सगळं केल्यावर काय बदलतं ते मुंबईत बघा. मॅरेथॉनच्या दिवशी पेडर रोडच्या चढावर धावणाऱ्यांचे पाय जड होतात, आणि तिथेच दुतर्फा माणसं संत्र्याच्या फोडी, बिस्किटं, चिक्की घेऊन उभी असतात. त्या माणसांचाही रस्ता बंदच असतो. पण तो का बंद आहे, किती वाजता उघडणार, हे त्यांना ठाऊक असतं. दर जानेवारीत येणारा तो सोहळा त्यांनी आपला मानलेला आहे.

आता शब्दांबद्दल. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. हाफ मॅरेथॉन म्हणजे त्याचं अर्धं, एकवीस किलोमीटर आणि जवळजवळ शंभर मीटर. पाच किलोमीटरच्या पळण्याला 'मिनी मॅरेथॉन' म्हणण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. ती तुम्ही तरी चालवू नका. पाच किलोमीटरची दौड असेल तर 'पाच किलोमीटर दौड' म्हणा, त्यात कमीपणा काय आहे? ज्या बाई आयुष्यात पहिल्यांदा बूट घालून पाच किलोमीटर पळणार आहेत त्यांच्यासाठी ते पाच किलोमीटरच मोठे आहेत. त्यांना उसनं नाव देऊ नका. त्यांच्याच वाडीतली मुलगी उद्या खरी मॅरेथॉन पळेल तेव्हा तिच्या कष्टाला वेगळा शब्द उरायला हवा.

आणि अंतर मोजलेलं असू द्या. गाडीच्या मीटरवर किंवा मोबाइलवर नाही. रस्त्यावरच्या शर्यतीचं अंतर मोजण्याची मान्य पद्धत म्हणजे सायकलच्या पुढच्या चाकाला बसवलेला छोटा मोजक, जोन्स काउंटर. आधी स्टीलच्या टेपने मोजलेल्या पट्ट्यावरून सायकल नेऊन तो ताडून घेतात आणि मग अख्ख्या मार्गावर, वळणाच्या आतल्या बाजूने, सगळ्यांत जवळच्या रेषेने मोजतात. वर हजारात एक या प्रमाणात अंतर जास्तच धरतात, म्हणजे मार्ग चुकूनही कमी भरू नये. हे तुम्हाला ठाऊक असायलाच हवं, कारण स्पर्धा संपल्यावर दहा मिनिटांत 'माझ्या घड्याळात साडेएकवीस आले' असा मेसेज येतो. घाटात कड्यांमुळे घड्याळाचा सिग्नल भरकटतो, माणूस वळणावर बाहेरच्या बाजूने पळतो, म्हणून आकडा जास्त येतो. हे शांतपणे सांगता आलं पाहिजे. पण आधी खात्री करा की चूक खरोखर आपली नाही.

चूक आपली असली तर? इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या मॅरेथॉनचा मार्ग २०१३, २०१४ आणि २०१५ अशी तिन्ही वर्षं ३८० मीटर कमी भरला होता. हे २०१६ मध्ये बाहेर आलं आणि सुमारे चोवीस हजार लोकांच्या वेळा बाद ठरल्या. त्यांतल्या किती जणांनी आयुष्यातली सर्वोत्तम वेळ म्हणून ते प्रमाणपत्र भिंतीवर लावलं असेल! उलट ब्रायटनच्या मॅरेथॉनमध्ये २०२१ साली मार्ग ५६८ मीटर जास्त निघाला. आयोजकांनी ते स्वतः जाहीर करून माफी मागितली. दोन्ही ठिकाणी लोक चिडलेच. पण ज्याला चूक आपल्या तोंडून कळते, तो पुढच्या वर्षी परत येतो. ज्याला ती तीन वर्षांनी दुसऱ्याकडून कळते, त्याला कुठल्या तोंडाने बोलवायचं? अशा वेळी मंडळातलं कुणीतरी तुम्हाला नक्की म्हणेल, 'दोन दिवस थांबू, विसरतील लोक.' तिथे तुम्ही उठून नाही म्हणायचं आहे. मीटरचा आकडा, चूक कुठल्या वळणावर झाली, आणि आपण काय भरपाई करणार, हे त्याच संध्याकाळी लिहून बाहेर पाठवा.

संख्येच्या बाबतीतही हेच. 'दहा हजार धावले' असं लिहायचा मोह फार असतो. खरं तर आपल्याकडे तीन आकडे असतात: नाव नोंदवलेले, प्रत्यक्ष सुरुवातीची रेषा ओलांडलेले, आणि वेळेत पूर्ण केलेले. बिबवरच्या, म्हणजे छातीवर लावायच्या क्रमांकावरच्या चिपमुळे शेवटचे दोन अगदी नेमके मिळतात. तिन्ही द्या. एका छोट्या स्पर्धेत ८१२ नोंदणी, ७४० सुरुवात, ७०३ पूर्ण असं मी पत्रकात लिहिलं तेव्हा अध्यक्षांचा चेहरा पडला होता. पण एका जुन्या बातमीदाराने फोन करून सांगितलं की तुमचं पत्रक मी आता तपासून बघणार नाही, जसंच्या तसं लावतो. हा भरवसा विकत मिळत नाही. पत्रकार परिषदेत पाकीट वाटून तर नाहीच नाही. ते एकदा दिलं की तुमची खरी बातमीसुद्धा पाकिटाचीच ठरते.

नुसता आकडा मात्र वाचकाला भिडत नाही, तो त्याच्या अंगणात आणून ठेवावा लागतो. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेंनी २०२० मध्ये दिल्लीच्या हाफ मॅरेथॉनमध्ये एक तास तीस सेकंदांची वेळ दिली, तो राष्ट्रीय विक्रम झाला. हे छापलं तर लोक मान डोलावून पुढचं पान उलटतील. त्याऐवजी सांगा की एक किलोमीटर दोन मिनिटं बावन्न सेकंदांत, आणि असे एकवीस, मध्ये न थांबता. गल्लीतल्या चपळातल्या चपळ पोराला एक किलोमीटर तेवढ्या वेळात पळून बघायला सांगा. मग त्या आकड्यात काय आहे ते कळतं.

मला सगळ्यांत जास्त लागलेली चूक ही माझी स्वतःची आहे. ती नावांची. निकालाची यादी संगणकावर इंग्रजीत येते. मी ती घाईघाईने मराठीत उतरवून पेपरला पाठवायचे. एका दौडीत चौदा वर्षांखालच्या गटात एका आश्रमशाळेतली मुलगी पहिली आली. दोन वर्षांनी मार्ग बघायला गेले असताना योगायोगाने तिच्याच घरी चहाला बसले. भिंतीवर प्लॅस्टिक चढवलेलं कात्रण होतं. त्यात तिचं आडनाव 'गोले' छापलेलं होतं आणि 'ले'वर निळ्या बॉलपेनने गिरवून गिरवून 'ळे' केलेलं होतं. प्लॅस्टिक चढवायच्या आधी केलेलं. वडिलांनी काही तक्रार केली नाही, उलट 'तुम्हीच दिली होती ना बातमी' म्हणून आणखी साखर घालून चहा आणला. इंग्रजी यादीत काळे आणि काले, गोळे आणि गोले, ढोले आणि धोले सारखेच दिसतात. आता नोंदणीच्या अर्जातच 'आपले नाव देवनागरीत लिहा' असा रकाना मी आग्रहाने ठेवते, आणि बक्षीस देण्याआधी एक स्वयंसेवक विजेत्याकडून नाव, गाव, तालुका त्याच्याच हाताने कागदावर लिहून घेतो. तुम्ही दुसरं काही केलं नाहीत तरी एवढं करा. ते कात्रण त्या घरात चाळीस वर्षं राहणार असतं.

खेड्यातल्या धावपटूंबद्दल लिहिताना आपला हात आपोआप गरिबीकडे वळतो. अनवाणी पाय, फाटका शर्ट, दुष्काळ. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याच्या, मोही गावच्या ललिता बाबर यांच्याबद्दल लिहिताना दुष्काळ सगळ्यांनी लिहिला, आणि तो खरा आहेच. पण मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली येणारी मुलगी बेचाळीस किलोमीटर सोडून तीन हजार मीटरच्या स्टीपलचेसकडे वळते, अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडायला नव्याने शिकते, २०१४ ला आशियाई स्पर्धेत कांस्य आणते आणि २०१६ ला रिओ ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत धावते, ही केवढी मोठी गोष्ट! तिच्या पायांचं, डोक्याचं, सरावाचं लिहा. बारामतीच्या स्पर्धेत नऊवारीत अनवाणी धावलेल्या लता करे यांच्यावर २०२० मध्ये चित्रपट आला आणि त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवे होते म्हणून त्या धावल्या होत्या. अशी एखादी बाई तुमच्या स्पर्धेत आली तर आधी तिच्याजवळ बसा. तिला काय सांगायचंय, काय सांगायचं नाही, मदत हवी असेल तर ती कुणाच्या हातात आणि कशी पोचावी, हे तिलाच विचारा. मग फोटोवाल्याला हाक मारा.

फोटोची ताकद मोठी असते. १९६७ साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्वित्झर २६१ क्रमांक लावून धावत होत्या. नोंदणी 'के. व्ही. स्वित्झर' अशी केल्यामुळे ही बाई आहे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. एक अधिकारी मागून धावत आला आणि त्यांचा क्रमांक ओढायला लागला. नेमकी पत्रकारांची गाडी जवळ होती, म्हणून ते दृश्य जगाने पाहिलं. बोस्टनने बायकांना अधिकृत प्रवेश दिला तो १९७२ मध्ये. पत्रकारांच्या गाडीसाठी जागा मागताना, त्यांना चढउताराची माहिती देताना, कंटाळा करू नका. पण त्याच ताकदीमुळे एक नियमही पाळा: दमलेल्या, उलटी होत असलेल्या, कपडे भिजलेल्या बाईचा फोटो तिला विचारल्याशिवाय बाहेर जाता कामा नये. आपले स्वयंसेवकही मोबाइल घेऊन उभे असतात. त्यांना हे आदल्या दिवशी स्पष्ट सांगा.

हे मी का सांगते ते ऐका. एका स्पर्धेत शेवटची रेषा तीनशे मीटरवर असताना एक गृहस्थ कोसळले. डॉक्टर धावले, छाती दाबली, रुग्णवाहिका चार मिनिटांत आली. बघणाऱ्यांपैकी कुणीतरी फोटो काढून धावपटूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. चेहरा दिसत नव्हता, पण छातीवरचा क्रमांक स्पष्ट होता. तो क्रमांक स्पर्धेच्या ॲपमध्ये घातला की नाव दिसतं. त्यांची पत्नी शेवटच्या रेषेपाशी हार घेऊन उभी होती. आमचं माणूस तिच्यापर्यंत पोचण्याआधी तो फोटो तिच्या मोबाइलवर पोचला. ते वाचले, पण तिचा तो चेहरा मी विसरलेले नाही. तेव्हा लक्षात ठेवा, बिबचा क्रमांक म्हणजे नाव. आणि बिबच्या मागे रक्तगट आणि घरच्यांचा फोन भरून घेतल्याशिवाय कुणालाही रेषेवर उभं करू नका.

देव न करो, पण एखाद्याचा मृत्यू झाला तर क्रम ठरलेला असावा. आधी घरचे. तेही फोनवर नाही, शक्य असेल तर माणूस पाठवून. मग पोलीस आणि रुग्णालय. मग पत्रकार. नाव घरच्यांची परवानगी मिळाल्यावर. कारण डॉक्टरांनी सांगितल्यावर; 'त्यांना आधीपासून त्रास होता' असली वाक्यं आपल्या तोंडून कधीही निघू नयेत. काय घडलं, किती वाजता घडलं, मदत किती मिनिटांत पोचली, पुढची माहिती किती वाजता देणार, एवढं बोला आणि सांगितलेल्या वेळी पुन्हा पुढे या, नवं काही नसलं तरी. मंचावरचं संगीत बंद करायला कुणाला सांगायचं, हेही आधी ठरवून ठेवा.

हवामानाचं तर मी हात जोडून सांगते. मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात डोंगरातल्या शंभर किलोमीटरच्या शर्यतीत १७२ जण धावत होते. वर चढल्यावर गारपीट, गोठवणारा पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुटला, अंगावर पातळ कपडे, आणि एकवीस जण थंडीने गेले. एका मेंढपाळाने सहा जणांना आपल्या गुहेत नेऊन वाचवलं. वाऱ्याचा इशारा आधी दिलेला होता. २०१२ मध्ये न्यूयॉर्कला सँडी वादळ येऊन गेल्यावर मॅरेथॉन होणारच असं सांगत राहिले आणि दोन दिवस आधी, शुक्रवारी, रद्द केली. तोवर हजारो लोक विमानाने येऊन पोचले होते. आपल्या सह्याद्रीत जुलै-ऑगस्टमध्ये दौडी होतात. हवामान खात्याचा लाल इशारा आला तर काय करणार हे नोंदणीच्याच दिवशी छापा: कुठल्या परिस्थितीत मार्ग बदलेल, कधी रद्द होईल, निर्णय किती वाजता कळेल, पैशांचं काय. मग ती रात्र आली की तुम्हाला वाद घालत बसावं लागत नाही. 'निसर्गरम्य' हा शब्द पत्रकात घालायच्या आधी त्या निसर्गात त्या तारखेला काय काय होऊ शकतं ते लिहा. किल्ल्याच्या वाटेवर आग्या मोहोळ असेल तर सुरुवातीला फटाके लावणार नाही, हे ठरवणं प्रसिद्धीवाल्याचंच काम आहे, कारण फटाक्यांची हौस फोटोसाठी असते. जंगलात ड्रोन वनविभागाच्या परवानगीशिवाय नाही. कास पठारासारख्या ठिकाणी फुलांत उतरून काढलेला फोटो कितीही सुंदर असला तरी वापरू नका. शंभर जण तसाच काढायला उतरतील.

पैशांचं थोडक्यात. हे काम पोटासाठी करायचं असेल तर कामाचा कागद आधी करा, निम्मे पैसे आधी घ्या. 'पुढच्या वर्षी मोठं काम देतो' हे आश्वासन वाण्याकडे चालत नाही. शिकायचं असेल तर कोर्स जरूर करा, पण त्याआधी दोन स्पर्धांमध्ये बिब वाटपाच्या टेबलावर बसा आणि एका स्पर्धेत शेवटच्या धावपटूबरोबर सगळ्यांच्या मागून येणाऱ्या झाडूगाडीतून या. तिथे जे प्रश्न लोक विचारतात, तेच तुमचं पुढचं पत्रक. आणि तंबाखू-गुटख्याच्या नावाचा भाऊबंद असलेला प्रायोजक आला तर नाही म्हणा. पळायला आलेल्या मुलांच्या छातीवर ते नाव नको.

शेवटचं काम सोमवारचं. रविवारी दुपारी सगळे बक्षिसांच्या फोटोंत गुंतलेले असतात, मंडप निघतो, आणि गावाच्या रस्त्यावर आपले कागदी पेले उडत राहतात. सोमवारी सकाळी दोन स्वयंसेवक घेऊन मार्गावर परत जा. राहिलेला कचरा उचला. ज्या गिरणीवाल्याने पत्रक लावलं, ज्या आशाताईंनी वाडीत सांगितलं, ज्या गुरुजींनी मुलांना टाळ्या वाजवायला उभं केलं, त्यांना भेटा. कुणाची खोटी झाली असेल तर ऐकून घ्या, वहीत लिहा, भरपाई द्यायची असेल तर तिथेच द्या. माझ्या त्या दूधवाल्या काकांकडे मी दर वर्षी जाते. आता त्यांच्या वस्तीचं दूध स्पर्धेच्या दिवशी पहाटे साडेपाचला आमच्याच टेम्पोतून फाट्यावर जातं. आणि जाताना सोमवारच्या पेपरचे वीसेक अंक बरोबर न्या. ज्या गावाचं नाव त्यात छापून आलंय, त्या गावात ते दुपारच्या एसटीच्या आधी पोचवा.